तांब्यातली रेघ

न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहा आणि तोंड घारापुरी बेटाकडे करा. आता वर्षं मागे सोडत चला. 2024 चा अटल सेतू नाहीसा होतो. मग 26 मे 1989 ला सुरू झालेलं बंदर, त्याच्या क्रेन, कंटेनरच्या थप्प्या. बंदरासाठी उठवलेला शेवा कोळीवाडा आपल्या जागी परत येतो. घारापुरी तेवढी हलत नाही.

1579 चा नोव्हेंबर. गोव्याहून 17 तारखेला निघालेले तीन जेझुइट पाद्री, अक्वाविवा, मॉन्सेरात आणि हेन्रिक्स, बाहेरच्या समुद्रातून दमणकडे चालले आहेत. अकबराने बोलावलंय. तुम्ही त्यांच्या जहाजावर चढता. सामानात अँटवर्पला प्लांटिनच्या छापखान्यात छापलेलं अनेक भाषांमधलं बायबल आहे. जाडजूड खंड. पहिला उघडा.

कमानीच्या चौकटीत सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकत्र आहेत. भक्ष्य आणि भक्षक एका चौकटीत बसवले की शांततेचं चित्र होतं, वेगळं काही सांगावं लागत नाही. आता नजर अगदी जवळ न्या. राखाडी रंग कुठेच नाही. सावली म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या काळ्या रेघा; दाट आल्या की अंधार, विरळ झाल्या की उजेड. तांब्याच्या पत्र्यात कोरणीने चर पाडायचे, त्यात शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून रुळाखाली दाबायचा. चरातली शाई कागदावर येते. कोरणी खोल गेली की रेघ जाड, वर उचलली की केसासारखी बारीक. हाताचा जोर असा कागदावर उतरतो.

3 मार्च 1580 ला अकबर हे खंड हातात घेतो, त्यांचं चुंबन घेतो, डोक्याला लावतो. तिथे फार थांबू नका. मला तुम्हाला या रेघेमागोमाग पुढे न्यायचंय.

1600. अकबराचा मुलगा शहजादा सलीमच्या पदरी असलेल्या चित्रकार आका रिझाचा मुलगा अबुल हसन मांडी घालून बसलाय. वय तेराव्या वर्षातलं. समोर जर्मन चित्रकार ड्यूररने 1511 साली तांब्यावर कोरलेल्या क्रुसाच्या चित्राचा छाप, जेमतेम तळहाताएवढा. ड्यूररने त्यात क्रूस, येशू, त्याची आई मरिया, शिष्य योहान, सगळे दाटीने बसवलेत. पोरगा त्यातला एकटा योहान उचलतो.

श्वास रोखून बघा. त्याच्या हातात कोरणी नाही, कुंचला आहे. तांब्यात जोर लावून काढलेली रेघ तो टोकाच्या चार केसांनी काढतोय. झग्याच्या जड घड्या, वर केलेला चेहरा, एकमेकांत घट्ट आवळलेले हात. क्रूस नाही, येशू नाही. योहान कुणाकडे बघून आक्रोश करतोय ते कागदावर कुठेच नाही, आणि म्हणूनच सगळा कागद त्या दुःखाचा होतो. माझ्या मते ही नक्कल नव्हेच. काय गाळायचं हे या वयात कळणं ही मोठ्या चित्रकाराची खूण आहे. पुढे 1618 मध्ये, बादशहा जहांगीर झालेल्या सलीमने त्याला ‘नादिर-उझ-झमान’, म्हणजे ‘काळातला अद्वितीय’, हा किताब दिला. माझ्या लेखी तो त्याने याच दिवशी कमावला होता.

ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. कधी बघायला मिळालं तर आधी हातांची बोटं पाहा, चेहरा नंतर.