ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे महाराष्ट्रात मुंबई व नवी मुंबई यांच्या दरम्यान असलेले पक्षी अभयारण्य आहे. २०१५ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौ. किमी. असून त्यात कांदळवन व खाडीपात्र यांचा समावेश होतो. २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पक्षी
छोटा रोहित व मोठा रोहित (फ्लेमिंगो) येथे साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात आढळतात. छोट्या रोहितचे मुख्य अन्न नीलहरित शैवाल होय. हिवाळ्यात तुतवार, चिखल्या, कुरव इत्यादी स्थलांतरित पक्षीही येतात.

निरीक्षण व छायाचित्रण
निरीक्षणाची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटीला पक्षी उघड्या चिखलात दूरवर विखुरतात. पाणी चढू लागले की थवे काठाकडे सरकतात. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नौकाफेरीची सोय आहे.

संवर्धन
पूर्ण भरतीच्या वेळी रोहित नेरूळ परिसरातील पाणथळ जागांवर विसावतात. या जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. तेथे भराव पडल्यास किंवा भरतीचे पाणी अडल्यास हे विश्रांतिस्थान नष्ट होते. त्यामुळे केवळ खाडीचे संरक्षण पुरेसे ठरत नाही.