मिलिटरी फार्मच्या गाई

ज्यांनी मेरठ, झाशी, जबलपूर किंवा महूच्या फॅमिली क्वार्टरमध्ये दोन-तीन वर्षे काढली आहेत, त्यांना मिलिटरी फार्मच्या दुधाच्या गाडीची ओळख करून द्यायला नको. सकाळी पीटीहून परतावे तर घरात दूध तापत असायचे. दूध पातळ आहे अशी तक्रार प्रत्येक ठाण्यावर ऐकली. तरीही मुले त्याच दुधावर वाढली. मेरठला पोस्टिंग होईपर्यंत मलाही वाटायचे, फार्म म्हणजे दूध. तिथे एका जुन्या सुपरवायझरने गोठ्यातली वही उघडून दाखवली, तेव्हा हा मामला निराळाच आहे हे कळले.

सुरुवात मात्र दुधापासूनच झाली. १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादला पहिले मिलिटरी फार्म उभे राहिले. त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींत लढाईपेक्षा टायफॉइडने जास्त माणसे आडवी होत. लस यायला अजून काही वर्षे होती. संशय पाण्यावर होता, तसाच बाजारातल्या दुधावरही. तेव्हा आपल्या गाई, आपली माणसे, आपली भांडी, असा तो सरळ फौजी तोडगा होता. पुढे एकामागून एक छावण्यांत फार्म निघाले. स्वातंत्र्यानंतर ही संख्या १३० फार्म आणि ३० हजार जनावरे इथवर गेली. आपल्या पिंपरीलाही एक होते, पुणेकरांना ठाऊक असेल. नव्वदीच्या अखेरीस तर लेह आणि कारगिललाही फार्म निघाले.

दुधाइतकेच मोठे काम होते वाळल्या गवताचे. खेचरांच्या पलटणींना बारा महिने वैरण लागते आणि छावण्यांच्या ताब्यात माळराने भरपूर. फार्मवाले गवत फुलोऱ्यावर असतानाच कापत, पसरून वाळवत आणि प्रेसमध्ये दाबून गाठी बांधत. इथे मला आमच्या गावाकडची पद्धत आठवते. आपण दिवाळीनंतर, कुसळे पिकून गळाल्यावर विळा लावतो. तोवर गवतातले सत्त्व बियांत जाऊन सांडलेले असते आणि हाती उरते ती नुसती काडी. महिनाभर आधी कापले तर भारे थोडे कमी भरतील, पण जनावराच्या पोटात जाईल ते अन्न असेल. घाईही कामाची नाही. ओल राहिलेली गाठ आतून तापते, बुरशी धरते, प्रसंगी पेट घेते.

हिरव्या चाऱ्यासाठी उत्तरेत हिवाळ्यात बरसीम. एकदा पेरले की एप्रिलपर्यंत चार-पाच कापण्या, शिवाय मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणजे पुढच्या पिकाच्या युरियात बचत. फक्त कोवळे, ओले बरसीम एकटे घातले की पोटफुगी ठरलेली. म्हणून कुट्टी करून गव्हाच्या भुशात मिसळायचे.

आता गाईंकडे येतो. उत्तर हिंदुस्थानातली दुधाची नावाजलेली गाय म्हणजे साहिवाल. तिचे मूळ गाव माँटगोमेरी फाळणीत पलीकडे गेले, पण फौजेच्या गोठ्यांत तिचे कळप इकडे राहिले. तिला उन्हाचे आणि गोचिडांचे फारसे काही वाटत नाही, पण दूध बेताचे. होल्स्टीन फ्रिजियनचे नेमके उलटे. दोघांचा संकर केला की पहिली पिढी दोन्हीकडचे चांगले घेऊन येते. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. पुन्हा विलायती वळू लावत गेलात तर मेच्या उन्हात धापा टाकणारी आणि गोचीड-तापाने लोळणारी गाय मिळते. निम्मी-निम्मी आपसात लावली तर पहिल्या पिढीचा जोम निम्म्यावर येतो आणि कालवडी एकसारख्या निघत नाहीत.

१९८० च्या दशकात संरक्षण आणि कृषी खात्यांनी मिळून यावर जो प्रकल्प घेतला त्याचे नाव फ्रीजवाल. पाच अष्टमांश फ्रिजियन, तीन अष्टमांश साहिवाल. पाऊण रक्ताचे जनावर आणि निम्म्या रक्ताचे जनावर लावा, बरोबर हाच हिशोब येतो. मग त्याच रक्तात निवड करत राहायचे. लक्ष्य होते ३०० दिवसांच्या वेतात ४,००० किलो दूध, ४ टक्के फॅटचे. शास्त्राची बाजू मेरठच्या गोवंश संशोधन संस्थेकडे, गाई फौजेच्या.

आणि इथे ती वही येते. वळू दूध देत नाही, त्याची परीक्षा त्याच्या मुलींवरून. वळू दोन वर्षांचा झाल्यावर रेतन, नऊ महिन्यांनी कालवड, ती विणार तिसऱ्या वर्षाच्या आसपास, मग तिचे पहिले वेत पुरे व्हायचे. म्हणजे निकाल हातात यायला सात वर्षे. तेवढ्यात फार्मचे दोन-तीन ऑफिसर बदलून जातात! मुलीही एका गोठ्यात असून चालत नाही, वेगवेगळ्या हवेत असाव्या लागतात, नाहीतर गुण वळूचा की चाऱ्याचा हे कळत नाही. प्रत्येक गाईला क्रमांक, आई-बापाची नोंद, दोन्ही वेळचे दूध वजन करून लिहिलेले, अनेक राज्यांत एकाच शिस्तीने. देशात हे दुसऱ्या कुणाला अवघड होते. दोन-तीन गाई असलेला शेतकरी हे कुठून करणार?

२०१६ साली मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना निवृत्त लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती नेमली गेली. दोन्ही माणसे आपल्याकडची. समितीच्या शिफारशींनुसार पुढच्या ऑगस्टमध्ये सरकारने उरलेली ३९ फार्म बंद करायचे ठरवले. दुधापुरते बोलायचे तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. सहकारी संघाचे पिशवीचे दूध आता कुठल्याही छावणीच्या फाटकावर मिळते आणि त्यासाठी सैनिकाने गोठा सांभाळायचे कारण उरलेले नव्हते. पण गाई नाममात्र किमतीत सरकारी खात्यांना आणि दूध संघांना वाटल्या गेल्या. गाय कुठेही गेली तरी दूध देईल, पण वीस ठिकाणी वीस गाई पांगल्या की बहिणी-बहिणींची तुलना संपते. दुधाचा हिशोब झाला, तसा या वहीचाही व्हायला हवा होता, असे मला आजही वाटते. ३१ मार्च २०२१ ला दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये झेंडा उतरला.

मेरठच्या संस्थेचे काम मात्र थांबलेले नाही. तिथल्या वळूंच्या मुली शेतकऱ्यांच्या दावणीला कशा निघतात हे पाहण्यासाठी त्यांनी केरळ, पंजाब आणि आपल्याकडे उरुळी कांचनच्या बाएफबरोबर नोंदी ठेवल्या आहेत. बाएफ म्हणजे मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली संस्था. तेव्हा पुणे जिल्ह्यात कुणाच्या गोठ्यात कानात बिल्ला असलेली काळी-पांढरी गाय दिसली, तर मालकाला तिच्या बापाचा नंबर जरूर विचारा.