समुद्रापार नेलेले पाणी

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये दिवाण-इ-खासच्या खुल्या दालनात चांदीचे दोन प्रचंड कुंभ ठेवलेले आहेत. उंची पाच फुटांहून थोडी जास्त, प्रत्येकाचे वजन ३४० किलोच्या आसपास. सुमारे चौदा हजार चांदीची नाणी वितळवून ते घडवले. महाराजा सवाई माधोसिंह दुसरे १९०२ साली लंडनला गेले, तेव्हा याच गंगाजळींतून त्यांनी गंगेचे पाणी नेले. जगातली सर्वांत मोठी चांदीची भांडी म्हणून त्यांची ख्याती आहे आणि पाहणारे ‘राजाची हौस!’ म्हणून पुढे सरकतात. मला मात्र ती हौस वाटत नाही. एका माणसाने आपला पहिला परदेशप्रवास किती धास्तीने आखला, याचा तो चांदीतला जमाखर्च आहे.

व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी २६ जून १९०२ ही तारीख ठरली आणि निवडक संस्थानिकांना बोलावणी गेली. माधोसिंह १८८० पासून गादीवर होते, वागण्यात कमालीचे सोवळे, आणि समुद्र त्यांनी कधी ओलांडलेला नव्हता. सम्राटाचे बोलावणे नाकारणे मांडलिक राजाला परवडणारे नव्हते. स्वीकारावे तर परतल्यावर आपल्याच पुरोहितांपुढे आणि भाऊबंदांपुढे कोणत्या तोंडाने उभे राहायचे, हा प्रश्न होता.

त्यावर निघालेला तोडगा मोठा चतुर होता. प्रवासाला निघाले ते राजवाड्यातले गोपाळजी, आणि महाराज त्यांच्या सेवेत गेले, अशी ती मांडणी. देवाला कसली आली समुद्रबंदी? मग देवाच्या इतमामाला साजेल अशी बोट हवी. अँकर लाइनची ‘ऑलिंपिया’ ही नवीकोरी आगबोट सबंध भाड्याने घेतली गेली. कोरी हवी, कारण तिच्या मुदपाकखान्यात आधी काय शिजले असेल, ही शंकाच नको. बोटीवर देवघर उभारले, स्वयंपाकघरे नव्याने सोवळ्याची केली. शिधा आपला, आचारी आपले, हात धुवायची मातीसुद्धा आपल्याच देशाची. सव्वाशेच्या आसपास माणसे आणि सामानाचे शेकडो डाग घेऊन मे महिन्यात मुंबई बंदरातून बोट हलली, ती समुद्राची पूजा करून आणि त्याला मोती, सोने-रुपे वाहून.

आता पाण्याकडे येतो. एका कुंभात सुमारे चार हजार लिटर मावते असे सांगतात. हा आकडा मला जरा सढळ वाटतो, पण तोच धरू. दोन्हींचे मिळून आठ हजार लिटर. सव्वाशे माणसे, जाऊन-येऊन चार महिने. भागाकार केला तर माणशी रोजचे अर्धा लिटरच पडते, म्हणजे एक तांब्याही नाही. मे महिन्यातल्या तांबड्या समुद्रात तेवढ्यावर कोणाची तहान भागेल? तेव्हा ‘सगळा लवाजमा गंगाजलावर राहिला’ ही हकिकत आकड्यांना पटत नाही. हे पाणी देवासाठी आणि महाराजांच्या स्वतःच्या पिण्यासाठीच असणार. बाकीच्यांनी बोटीवरचे पाणी प्यायले असणार आणि त्याची वाच्यता केली नसणार. मुदपाकखान्यातल्या पोऱ्याच्या सोवळ्याची नोंद कोण ठेवतो!

एवढी आखणी झाली, आणि ठरल्या दिवसाच्या दोनच दिवस आधी, २४ जूनला, खुद्द सम्राटाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली. राज्याभिषेक पुढे गेला तो थेट ९ ऑगस्टला. पाहुण्यांचे दिवस वाढले, खर्च वाढला आणि कुंभातले पाणी तेवढेच राहिले. महाराजांचा मुक्काम केन्सिंग्टनमधल्या मोरे लॉज या प्रशस्त बंगल्यात होता. लंडनकरांना त्यांच्या या पाण्याचे कौतुक वाटले. पण हा थाटमाट लंडनसाठी नव्हताच मुळी. त्याचा खरा प्रेक्षक जयपूरला होता.

ज्याच्यापाशी चांदी नव्हती त्याचे काय होई, याचे उदाहरण चौदा वर्षे आधीचे आहे. १८८८ साली लंडनला शिकायला निघालेल्या मोहनदास गांधींना मुंबईत त्यांच्या मोढ बनिया जातीने बहिष्कृत केले. १८९१ मध्ये ते परतले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातले. पुढे राजकोटला जातभोजनही झाले. जयपूरच्या महाराजांनी प्रायश्चित्ताची ती किंमत आगाऊ आणि शंभरपटीने मोजली, एवढाच मला फरक दिसतो.

पाणी बरोबर नेता येते. पण परक्या शहरात माणूस गेला तर त्याला अग्नी कुठे द्यायचा, याची तरतूद कोणत्याच आखणीत बसत नाही. हे कोल्हापूरकरांनी माधोसिंहांच्या बत्तीस वर्षे आधी सोसले होते.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांचे वय होते वीस. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. महाराजांनी राणीची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, आणि हे सारे ते इंग्रजीत रोजनिशीत लिहीत होते. ती वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनला छापून काढली. परतीच्या वाटेवर मात्र युद्ध आडवे आले. सप्टेंबरपासून पॅरिसला जर्मन फौजांचा वेढा पडलेला, त्यामुळे मंडळी बेल्जियम, जर्मनी असा वळसा घेत थंडीच्या तोंडावर आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. वाटेत महाराजांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात त्यांचे निधन झाले.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि प्रेत जाळणे ही तिथे ऐकिवात नसलेली गोष्ट. त्या मुलखात अशी दुसरी चिता आठवायची तर १८२२ सालची, शेली या इंग्रज कवीची; तीही समुद्रकाठच्या वाळूत, साथीच्या रोगांसाठी केलेल्या कायद्याच्या बळावर. युरोपातले पहिले आधुनिक दाहगृह मिलानला उभे राहिले ते १८७६ मध्ये. म्हणजे कोल्हापूरच्या माणसांना, एका रात्रीत, भाषा येत नसताना, ख्रिस्ती सरकारकडून चितेची परवानगी मिळवायची होती. ती मिळाली. जागा ठरली ती गावाबाहेर, कॅशिने बागेच्या टोकाला, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. संगमावर दहन व्हावे ही आपली रीत. तो संगम त्या लोकांनी परमुलखात, दुःखाच्या त्या घाईत शोधून काढला, याचे मला फार अप्रूप वाटते. चिता रात्री पेटली.

१८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभारली गेली. तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, तो चार्ल्स फुलर यांनी घडवलेला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांनीच पुढे योजला. फ्लॉरेन्सच्या लोकांना राजाराम हे नाव जड गेले असावे. ते त्या जागेला नुसते ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणूस, म्हणू लागले. आर्नोवर जवळच १९७८ मध्ये मोटारींसाठी मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव मिळाले: पोंते आल्‌इंदियानो.