कांचेच्या घरांतील शाकाहारी

बैठकीच्या खोलींत कांचेची पेटी ठेवून तींत मासे पाळण्याची हौस आतां आपल्या मध्यमवर्गीय घरांत चांगलीच रुळली आहे. या हौसेचीं पुस्तकें पुष्कळ, दुकानेंही पुष्कळ; परंतु तिच्या इतिहासाकडे पाहणारे थोडे. त्यामुळें तिच्या आरंभींच झालेला एक गैरसमज आजतागायत तसाच चालत आला आहे, आणि त्याचें प्रायश्चित्त माशांच्या एका विशिष्ट वर्गास घ्यावें लागत आहे. हा वर्ग शेवाळ खाणाऱ्या माशांचा. मांसाहारी मासा उपाशी असला तर तो तसें दाखवितो. माणूस दिसतांच कांचेशीं येतो, शेजाऱ्याच्या शेपटीचे लचके तोडतो. शेवाळ खाणारा मासा मात्र दगडास तोंड लावून दिवसभर हालत राहतो, आणि पाहणारास वाटतें कीं याचें जेवण अखंड चाललें आहे. वास्तविक नव्या पेटींतील त्या दगडावर कांहींच नसतें. रिकामें ताट चाटणारा पाहुणा आणि हा मासा यांत फरक एवढाच कीं पाहुण्यास बोलतां येतें.

या वर्गाची ओळख करून घेण्यास रायगडच्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाहीं. पनवेल, उरण, पेण या बाजूच्या खाड्यांस ओहोटी लागली कीं जो काळसर चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या चरूं लागतात. 'चरणें' हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजलेला नाहीं. निवटी हा मासाच. पण पाणी ओसरल्यावर ती बिळांतून वर येते, पुढच्या दोन परांवर भार टाकून चिखलावरून सरकते, आणि डोकें डावीकडून उजवीकडे फिरवीत चिखलाचा अगदीं वरचा पापुद्रा खरवडून घेते. खालच्या चिखलाशीं तिला कर्तव्य नसतें. वरच्या पापुद्र्यावर सोनेरी तपकिरी रंगाची जी साय धरलेली असते, ती तिला हवी असते. ही साय करंडक वनस्पतींची होय. म्हणजे वाळूंत असतें त्याच द्रव्याचें कवच ल्यालेलीं, सूक्ष्मदर्शकावांचून न दिसणारीं एकपेशी शेवाळें. उघड्या चिखलावर ऊन पडलें कीं ही साय वाढते, आणि चरून संपलेलें कुरण पुन्हां भरूं लागतें. भरतीच्या वेळीं निवटी बिळांत जाते. समुद्रानें तिच्या जेवणाचें हें वेळापत्रक इतकें पक्कें बांधून दिलें आहे कीं त्यांत माणसानें ढवळाढवळ करणें सोपें नाहीं.

आगरी व कोळी लोक हिला बिळांत हात घालून पकडतात, आणि तिच्या कालवणाची चव ज्यांस ठाऊक आहे त्यांस आम्ही कांहीं सांगावयास नको. शास्त्रज्ञांच्या दप्तरांत तिच्या एका जातीची नोंद १८३७ सालीं झाली. व्हॅलेन्सिएन्न या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून मासे जमवून पॅरिसला पाठविणाऱ्या द्युसुमिए नामक व्यापारी प्रवाशाचें नांव तिला दिलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. याच चिखलावर निवटीचे कांहीं भाऊबंद किडे व लहान खेकडे मारून जगतात. दिसण्यांत ते तिच्यासारखेच. पण कांचेच्या पेटींत ते मजेंत राहतात आणि निवटी झुरते. एकास मिळेल तें चालतें, दुसरीस ठराविक साय लागते. चिखलावर उड्या मारणारे सगळे मासे एकच, असें समजून जो दोघांस एकच खाद्य घालतो, त्याची फसगत ठरलेली.

गोड्या पाण्यांत याच वृत्तीचा मासा म्हणजे मल्या. दगडगोट्यांच्या वाहत्या ओढ्यांत तो हनुवटीखालच्या चकतीनें दगडास चिकटून राहतो आणि खालच्या बाजूस असलेल्या तोंडानें त्यावरचें शेवाळ खरवडतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांवर जो निबंध लिहिला, त्यांत १८३९ सालीं या माशाचें शास्त्रीय वर्णन आलें, आणि त्यानें त्याला मराठी लोकांच्या तोंडचेंच नांव कायम ठेवलें. खुद्रे, मल्या असे आपले ग्राम्य शब्द लॅटिन पोशाख चढवून युरोपच्या ग्रंथालयांत जाऊन बसले, ही गोष्ट साइक्सच्या श्रेयास शोभणारी आहे. नांवें ठेवण्यांत आपल्या भाषेविषयीं एवढा आदर दाखविणारे अधिकारी त्या काळीं फार नव्हते.

माशामाशाची रुचि निराळी असते हें ज्ञान आपल्याकडे नवें नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांतील मत्स्यविनोदाच्या प्रकरणांत समुद्राचे व नद्यांचे मासे वेगळे सांगून, कोणत्या माशास कोणतें खाद्य द्यावें याचाही विचार केला आहे. राजाचा हेतु अर्थात् गळ टाकण्याचा होता, पोसण्याचा नव्हे. तथापि ज्यास मासा गळास लावावयाचा आहे त्यास त्याचें पोट ओळखावें लागतें; ज्यास तो केवळ पाहावयाचा आहे त्यास ओळखावें लागत नाहीं. शोभेचें मत्स्यालय निघालें तेव्हां हाच फरक नडला.

या मत्स्यालयाचा आरंभ लंडनचा. १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला आणि कांच स्वस्त झाली. त्यापूर्वीं कांचेच्या भांड्यांत मासे ठेवणारांस पाणी वारंवार बदलावें लागे, आणि एवढें करून मासे मरत ते मरतच. औषधविक्रेत्यांच्या जुन्या मंडळांत काम करणारा रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागें लागला. त्यानें बारा गॅलन पाण्याच्या भांड्यांत दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पति ठेवून पाहिली. वनस्पति प्राणवायु देईल, मासे जगतील, हा त्याचा हिशेब बरोबर होता. पण जुनीं पानें कुजूं लागलीं, कांचेवर हिरवा थर चढला, पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें भांड्यांत तळ्यांतल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकें व शेवाळ खाऊन टाकलें, आणि भांडें स्वच्छ झालें. १८५० सालीं त्यानें ही हकीकत प्रसिद्ध केली, आणि मत्स्यालयाच्या शास्त्राचा पाया पडला असें मानतात.

पाया पडला खरा, पण आमच्या मतें त्याच वेळीं त्यांत एक कच्ची वीटही बसली. शेवाळ खाणारा जीव मत्स्यालयांत प्रथम शिरला तो पाहुणा म्हणून नव्हे, झाडूवाला म्हणून. शोभा माशांची, आणि हा त्यांच्या मागें केर काढणारा. गोगलगाईच्या जागीं पुढें शेवाळखाऊ मासे आले, पण त्यांचा दर्जा तोच राहिला. आजही हौशी गृहस्थ दुकानांत जाऊन 'कांच साफ ठेवणारा मासा द्या' असें म्हणतो. केर काढण्यास ठेवलेल्या गड्याची जेवणाची सोय केरांतच आहे असें समजावें, तसाच हा प्रकार. आणि नव्या घरांत तर केरही नसतो!

वॉरिंग्टनच्या मागून लवकरच फिलिप गॉस याचें 'दि अॅक्वेरियम' हें पुस्तक १८५४ सालीं निघालें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें त्याच्या आधल्याच वर्षीं लोकांस पाहण्यासाठीं मत्स्यगृह उघडलें होतें. मग इंग्लंडांत या छंदाची जी साथ आली तींत किनाऱ्यावरचे खडक ओरबाडले गेले. गॉसच्या मुलानें १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. आणलेले जीव कांचेंत मरत, आणि मेलेल्यांच्या जागीं नवे आणले जात. आपल्या देशांत मद्रासचें सागरी मत्स्यालय १९०९ सालीं आणि मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. तेथून हा छंद आपल्या घरांत उतरला.

नव्या पेटींत शेवाळ कां नसतें, हें समजण्यास वॉरिंग्टनच्या पुढें चाळीस वर्षें जावीं लागतात. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं अमोनियाचें रूपांतर करून त्यावरच जगणारे सूक्ष्म जंतु असतात. माशांच्या मलमूत्रांतून पाण्यांत येणारें विष हेच जंतु पचवितात. नव्या पेटींतील वाळूवर व दगडांवर त्यांची वस्ती होण्यास कांहीं आठवडे लागतात. त्याच सुमारास कांचेवर प्रथम तपकिरी थर दिसूं लागतो. हा आमच्या खाडीवरच्या सायीचाच नातलग. हिरवें शेवाळ बहुधा मागाहून येतें. म्हणजे जी पेटी आज भरली आणि जिचें पाणी स्फटिकासारखें दिसतें, ती चरणाऱ्या माशाच्या दृष्टीनें दुष्काळी मुलूख आहे; शिवाय तेथील पाणीही अद्याप विषारी. मालकाच्या आनंदाचा पहिला दिवस तोच माशाच्या उपासाचा पहिला दिवस!

त्यांतून या माशांचा आहार सत्त्वानें हलका. शेवाळांत पाणी फार, पोषण थोडें. म्हणून त्यांचें आंतडें लांब असतें आणि खाणें दिवसभर थोडेंथोडें चालतें. सकाळीं चिमूटभर खाद्य टाकून कचेरीस निघून जाण्याची रीत इतर माशांस चालेल, यांस चालत नाहीं. त्यांचें तोंड खालीं वळलेलें असल्यानें पाण्यावर तरंगणारा कण त्यांच्या उपयोगाचा नसतो. कित्येकदां तो अन्न आहे हेंही त्यांस उमगत नाहीं. हट्टी म्हणून आपण ज्यांस नांवें ठेवतों, ते बहुधा केवळ अनोळखी ताटापुढें बसलेले असतात.

यावर जे उपाय जाणत्या लोकांनीं काढले ते साधे आहेत. पेटी भरल्यावर शेवाळखाऊ मासा सर्वांच्या आधीं नव्हे, सर्वांच्या शेवटीं आणावा. तोंवर एका वेगळ्या भांड्यांत पाणी घालून त्यांत गुळगुळीत दगड ठेवावे आणि तें भांडें गच्चीवर किंवा खिडकींत उन्हांत ठेवावें. दगडांवर शेवाळ धरलें कीं दोन दगड पेटींत टाकावे, चरून झालेले दोन पुन्हां उन्हांत न्यावे. मासा गोड्या पाण्याचा असेल तर पालकाचें पान किंवा काकडीची फोड उकळत्या पाण्यांतून काढून, थंड करून, दगडाखालीं दाबून ठेवावी. खाऱ्या पाण्याच्या माशास वाळविलेल्या समुद्रशेवाळाचा पापुद्रा त्याच रीतीनें द्यावा. उरलेलें कांहीं तासांत काढून टाकावें, नाहींतर पाणी नासतें. रात्रीं चरणाऱ्या जाती असतात. त्यांचें पान दिवा मालवल्यावर वाढावें. मागच्या कांचेवरचें शेवाळ मुळींच खरवडूं नये. पाहुणे पुढच्या बाजूनेंच पाहतात. आणि पेटींत चपळ, आडदांड मासे असतील तर हिरवा पाला त्यांच्याच पोटांत जातो हें विसरूं नये. आपल्या घरांत पंगत उठल्यावर मागाहून बसणाऱ्या बायकांच्या पानांत काय पडलें, हें पूर्वीं कोण पाहत असे? मासा खरोखर जेवला कीं नाहीं हें त्याच्या हालचालीवरून न ठरवितां पोटावरून ठरवावें. पोट खपाटीस गेलेलें दिसलें कीं वेळ थोडा उरला आहे असें समजावें.

निवटीच्या बाबतींत यापैकीं काकडी-पालक उपयोगी पडत नाहींत. तिच्या जपानी बहिणीस मुत्सुगोरो म्हणतात. क्यूशू बेटांतील आरिआके समुद्राच्या चिखलावर ती राहते, आणि तैवानांत तिची शेती केली जाते. तेथील शेतकरी तळीं उथळ ठेवतात, तळाच्या चिखलास ऊन देतात, खत घालून त्यावर आधीं साय वाढवितात; मासे मागाहून. आमच्या पेण-अलिबागकडच्या खारेपाटांत लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खाडीचें पाणी बांध घालून अडविलें, शेतांशेजारच्या तळ्यांत जिताडाही वाढविला. पण जिताडा पडला मांसाहारी, त्याला लहान मासे पुरतात. निवटीसाठीं वेगळें तळें करण्याचें कारण कोणास पडलें नाहीं, कारण खाडीचें कुरण अफाट होतें.

तें आतां तसें अफाट राहिलेलें नाहीं. न्हावाशेवा येथील बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि उरण-पनवेलच्या बाजूस चिखल व तिवरें भरावाखालीं गेलीं. मासेमारी बुडाल्याबद्दल १,६३० कुटुंबांस भरपाई द्यावी असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिला. भरपाई माणसांची मोजतां येते. चिखलावरची साय मात्र कोणत्याही पंचनाम्यांत येत नाहीं. पाहणारास तो नुसता चिखलच दिसतो, जशी नव्या पेटीच्या मालकास कांचेवरची साय नुसती घाण दिसते.

ज्यास निवटी घरीं ठेवावयाचीच असेल त्यानें पेटीपेक्षां ताटांचा विचार आधीं करावा. खाडीच्या चिखलाचीं दोन उथळ ताटें हवींत. एक निवटीपुढें असतांना दुसरें मचूळ पाण्यानें ओलें ठेवून उन्हांत ठेवावें, आणि त्यावर सोनेरी झांक दिसूं लागली कीं अदलाबदल करावी. पावसाळ्यांत ऊन नसतें तेव्हां ताटें दोनांचीं चार करावीं लागतात.