खेळाडूंची अदलाबदल

सन २०२५ चा नोव्हेंबर महिना भारतीय क्रिकेटच्या बखरींत दोन घटनांसाठीं नमूद होईल. त्या महिन्याच्या दोन तारखेस नवी मुंबईंतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारतीय महिलांच्या संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून प्रथमच विश्वचषक जिंकला. दुसरी घटना मैदानावर घडलीच नाहीं. ती कागदावर घडली. पंधरा तारखेस असें जाहीर झालें कीं, आयपीएलमधील चेन्नई सुपर किंग्ज ह्या संघानें रवींद्र जडेजा व इंग्लंडचा सॅम करन हे दोन खेळाडू राजस्थान रॉयल्स संघास दिले असून त्यांच्या मोबदल्यांत राजस्थानचा कर्णधार संजू सॅमसन घेतला आहे.

पहिल्या घटनेचें कौतुक झालें तें यथायोग्यच होतें. दुसरीवरही पुष्कळ शाई खर्चीं पडली. परंतु त्यांतील बहुतेक लिखाण सराफाच्या पेढीवर बसून केल्यासारखें वाटतें. कोणाचें सोनें किती कसाचें, कोणीं किती घट सोसली, ह्यापलीकडे तें सहसा जात नाहीं. असा तराजू निरुपयोगी आहे असें मी म्हणत नाहीं. प्रथम आपणही तोच हातीं घेऊं.

अदलाबदलीच्या वेळीं जडेजा सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता, सॅमसनास एकतीस वर्षें नुकतीं पूर्ण झालीं होतीं. चेन्नईचा यष्टिरक्षक महेंद्रसिंग धोनी ह्यानें चव्वेचाळीस वर्षें ओलांडलेलीं; तेव्हां त्याची जागा घेईल असा आघाडीचा फलंदाज व यष्टिरक्षक त्या संघास हवाच होता. उलट राजस्थानास एका फलंदाजाच्या बदल्यांत दोन अष्टपैलू मिळाले. जडेजा म्हणजे एक डावखुरा फिरकी गोलंदाज, एक खालच्या फळींतला खंदा फलंदाज व एक अप्रतिम क्षेत्ररक्षक अशीं तीन माणसें एका अंगरख्यांत आहेत. २०२३ च्या अंतिम सामन्यांत, अहमदाबादेस मध्यरात्र उलटल्यावर, शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या असतां त्यानें एक षट्कार व एक चौकार मारून चेन्नईस चषक मिळवून दिला, हें कोण विसरेल? माझें मत विचाराल तर एका हंगामापुरता हा सौदा राजस्थानच्या बाजूस झुकतो. पांच वर्षांचा विचार केल्यास चेन्नईच्या.

आतां पैशाकडे वळूं. सॅमसनाचें मानधन १८ कोटि रुपये. तें तसेंच राहिलें. करनचें २ कोटि ४० लाख. तेंही तसेंच राहिलें. जडेजाचें १८ कोटि होतें, तें मात्र १४ कोटींवर आलें. प्रत्येक संघास खेळाडूंवर खर्च करण्यासाठीं ठराविक रकमेची थैली असते. त्या थैलीचा हिशेब मांडला तर काय दिसतें? राजस्थाननें १८ कोटींचा माणूस देऊन १६ कोटि ४० लाखांचीं दोन माणसें घेतलीं; त्याची बचत १ कोटि ६० लाख. चेन्नईनें २० कोटि ४० लाखांचीं दोन माणसें देऊन १८ कोटींचा एक माणूस घेतला. त्याची बचत २ कोटि ४० लाख. म्हणजे दोन्ही संघ फायद्यांत! व्यापारांत उभयपक्षीं लाभ होऊं शकतो असें अर्थशास्त्र सांगतें खरें. पण येथें त्या दोन बचतींची बेरीज करून पाहावी. ती बरोबर चार कोटि भरते, आणि जडेजाचें मानधन कमी झालें तेंही बरोबर चार कोटींनींच. दोन्ही थैल्यांत जें उरलें तें तिसऱ्याच्या खिशांतून आलें.

चौदा कोटि मिळविणाऱ्या गृहस्थाबद्दल हळहळ वाटून घ्या, असा माझा आग्रह नाहीं. माझा प्रश्न वेगळा आहे. खेळाडू एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हां त्याचें जाणें कोणाच्या इच्छेनें घडतें? हा प्रश्न आयपीएलनें निर्माण केलेला नाहीं. आमच्या महाराष्ट्राला तरी तो शंभर वर्षांचा परिचित आहे.

१९२३ सालीं इंदूरच्या होळकरांनीं नागपूरचे सी. के. नायडू ह्यांस आपल्या पदरीं घेतलें व सैन्यांत हुद्दा दिला. पुढें होळकर संघानें रणजी करंडक चार वेळां जिंकला त्याचा पाया येथें घातला गेला. बडोद्यानें तोच मार्ग धरला. सांगलीस १९१५ सालीं जन्मलेले विजय हजारे आरंभीं महाराष्ट्राकडून खेळत. १९३९-४० च्या हंगामांत पुण्यास त्यांनीं नाबाद ३१६ धावा काढल्या त्या बडोद्याच्याच गोलंदाजांना झोडपून. ज्याला बाद करतां येत नाहीं त्याला आपलासा करावा, हें राजनीतीचें जुनें सूत्र बडोदेकरांस ठाऊक असावें. कारण थोड्याच काळांत हजारे प्रतापसिंहराव गायकवाडांच्या सेवेंत रुजू झाले. १९४७ च्या मार्चमध्यें रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत बडोदा व होळकर समोरासमोर आले, तेव्हां हजारे (२८८) व लाहोरहून आलेले गुल महंमद (३१९) ह्यांनीं चौथ्या गड्यासाठीं ५७७ धावांची भागी केली. सांगलीचा एक व लाहोरचा एक अशा दोघांनीं बडोद्यासाठीं तो डोंगर रचला, आणि समोरच्या संघाचे नायक नायडू हे मूळचे नागपूरचे! स्वतःच्या गांवाचा संघ ही कल्पना त्या काळीं देखील किती पातळ होती हें ह्यावरून दिसेल.

हजाऱ्यांचें उदाहरण आणखी एका कारणानें मोलाचें आहे. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पडत. हजारे ख्रिस्ती, म्हणून त्यांस 'इतर' नांवाच्या संघांत खेळावें लागे. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदूंच्या संघाविरुद्ध 'इतरां'च्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तेथें निवडीचा प्रश्नच नव्हता. जन्मानें जो संघ दिला तो दिला. ते सामने १९४६ नंतर बंद पडले हें योग्य झालें.

राजाश्रयाचे दोष मी झांकूं इच्छीत नाहीं. तो एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असे. संस्थानें विलीन झालीं तसा होळकरांचा संघही १९५५ च्या सुमारास इतिहासजमा झाला. परंतु त्या व्यवहारांत दोनच पक्ष होते : आश्रय देणारा व घेणारा. भाऊसाहेब निंबाळकरांनीं १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या त्या महाराष्ट्राकडून; पण ते बडोद्याकडूनही खेळले व होळकरांकडूनही. एक चाकरी सोडून दुसरी धरण्याइतकाच तो प्रश्न होता. बडोद्यानें हजारे घेतले तेव्हां महाराष्ट्रास मोबदल्यांत दुसरा फलंदाज पाठविला नाहीं. खेळाडू स्वतः गेला. पुढें मुंबईंत गिरण्या, बँका व कंपन्या खेळाडूंस नोकऱ्या देऊं लागल्या तेव्हांही व्यवहाराचें स्वरूप हेंच राहिलें. हजारे तर बडोद्यांतच स्थायिक झाले आणि २००४ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

'मालक मालकाशीं बोलतो व खेळाडू जातो' ही रीत मात्र परदेशची. अमेरिकेंत ती फार जुनी आहे. १९६९ सालीं कर्ट फ्लड नांवाच्या बेसबॉलपटूस सेंट लुई संघानें फिलाडेल्फिया संघाकडे धाडण्याचा सौदा केला. फ्लड हा कृष्णवर्णी, नांवाजलेला व उत्तम वेतन घेणारा खेळाडू. त्यानें जाण्यास साफ नकार दिला आणि आपण विकण्याची वस्तु नव्हे असें खेळाच्या अधिकाऱ्यास पत्रानें कळविलें. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ सालीं पांच विरुद्ध तीन मतांनीं फ्लड हरला. त्याची खेळी त्यांतच संपली. पण ज्या बंधनाविरुद्ध तो लढला तें पुढच्या तीनचार वर्षांत ढिलें पडलें. तरी अदलाबदल तेथें आजही चालते. २०२५ च्या फेब्रुवारींत डॅलसच्या बास्केटबॉल संघानें आपला आघाडीचा खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसला दिला व अँथनी डेव्हिस घेतला, तेव्हां व्यवहार ठरून गेल्यावर डॉन्चिचला ती वार्ता समजली.

आपल्याकडे आयपीएलचा आरंभ २००८ सालीं लिलावानें झाला आणि पुढच्याच वर्षीं अदलाबदलही आली. श्रीरामपूरचा झहीर खान, जो रणजी सामन्यांत प्रथम बडोद्याकडून व मग मुंबईकडून खेळला, तो बंगळूरकडून मुंबईस आला आणि मुंबईचा रॉबिन उथप्पा बंगळूरला गेला. आमच्या नियमांत खेळाडूची संमति आवश्यक आहे, आणि ह्या बाबतींत आपण अमेरिकेहून बरे, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. परंतु ती संमति कोणत्या प्रकारची, हें जडेजाच्याच चरित्रावरून पाहावें.

पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना १ जून २००८ रोजीं झाला, तो नेरूळच्या ह्याच मैदानावर. योगायोग असा कीं ते दोन संघ राजस्थान व चेन्नई हेच होते. राजस्थाननें शेवटच्या चेंडूवर तीन गडी राखून विजय मिळविला, आणि त्या विजयी संघांत जामनगरचा एकोणीस वर्षांचा जडेजा होता. दोन हंगाम राजस्थानकडून खेळल्यावर त्यानें नवा करार न करतां दुसऱ्या संघाशीं परस्पर बोलणीं चालविलीं, असा त्याच्यावर ठपका आला, व २०१० चा संपूर्ण हंगाम त्यास खेळूं दिलें गेलें नाहीं. त्या वर्षींचा अंतिम सामनाही नेरूळलाच झाला व चेन्नईनें तो मुंबईविरुद्ध जिंकला. जडेजा त्या वेळीं घरीं होता. पुढें तो कोचीकडे गेला, २०१२ त चेन्नईकडे, मध्यें दोन वर्षें गुजरातकडे, पुनः चेन्नईकडे. आणि १५ नोव्हेंबर २०२५ रोजीं ज्या राजस्थानहून तो आरंभीं सुटूं पाहत होता तेथेंच परत आला.

करार मोडणें गैर आहे आणि नियम सर्वांस सारखे हवेत, हें मला मान्य आहे. पण दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहा. २०१० सालीं खेळाडूनें संघ बदलण्याची बोलणीं केलीं तो अपराध ठरला. २०२५ सालीं तीच बोलणीं संघमालकांनीं केलीं ती मुत्सद्देगिरी ठरली. सॅमसनास राजस्थान सोडावयाचें आहे अशा बातम्या त्या वर्षींच्या ऑगस्टपासून येत होत्या. तरी त्याचें जाणें दुसऱ्या दोघांचें येणें ठरेपर्यंत थांबलें. खेळाडूस होकार वा नकार देण्याचा हक्क आहे, विचारण्याचा नाहीं. मुलगी दाखवून 'पसंत आहे का?' एवढेंच विचारण्याची चाल आमच्या घरांतून बरीचशी गेली; ती येथें मात्र आहे.

प्रेक्षकांचाही ह्यांत कांहीं भाग आहे. बडोद्याचा हार्दिक पंड्या नवी मुंबईकरांना चांगला ठाऊक आहे. २०२० च्या मार्चमध्यें दुखण्यांतून उठल्यावर त्यानें डी. वाय. पाटील स्पर्धेंत ५५ चेंडूंत नाबाद १५८ धावा कुटल्या होत्या. २०२३ च्या नोव्हेंबरांत तो गुजरात संघ सोडून मुंबईस आला व पांच चषक जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागीं कर्णधार झाला. करार मालकांनीं केला, कर्णधारपद मालकांनीं दिलें. पण वानखेडेवर प्रेक्षकांनीं हुर्यो केली ती हार्दिकची. मुंबईचा संघ त्या वर्षीं तळाला गेला. मग जूनमध्यें भारतानें वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, शेवटचें षटक हार्दिकनें टाकलें, आणि जुलैच्या चार तारखेस त्याच वानखेडेनें त्याच्या नांवाचा जयघोष केला. लोकक्षोभ असा चंचल असतो, म्हणून मी त्यास फारसें महत्त्व देत नाहीं. तरीपण तो नेहमीं त्या सौद्यांतील सर्वांत कमी अधिकाराच्या माणसावर कोसळतो, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

जडेजा–सॅमसन अदलाबदलीचा निवाडा मी असा करीन : क्रिकेट म्हणून सौदा वाजवी, दोन्ही संघांस हितकर, संमति म्हणून नियमास धरून, परंतु ज्याच्या मानधनांतून दोन्ही बाजूंची बचत निघाली त्याला तीतील कांहीं अंश देण्याची तरतूद असती तर तो न्याय्यही ठरला असता. वय झालें, किंमत उतरली, असें ह्यावर उत्तर येईल. उतरेना का! किंमत बाजारांत ठरते म्हणतात, आणि बाजार एक महिन्यानेंच अबू धाबी येथें भरला. १६ डिसेंबरच्या त्या लिलावांत चेन्नईनें भारताकडून एकदांही न खेळलेले दोन तरुण घेतले. एक उत्तर प्रदेशचा डावखुरा फिरकी गोलंदाज व अष्टपैलू प्रशांत वीर, दुसरा राजस्थानचा यष्टिरक्षक-फलंदाज कार्तिक शर्मा. प्रत्येकासाठीं चेन्नईनें मोजले १४ कोटि २० लाख रुपये, म्हणजे जडेजाच्या नव्या मानधनाहून वीस लाख अधिक.