बेटाचें आंदण आणि बेटावरचीं माणसें

इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हां खाडीपलीकडील साष्टी, वसई व मुंबई पोर्तुगीजांच्या हातीं होतीं. पुढें चार वर्षांनीं, २३ जून १६६१ च्या तहान्वयें, पोर्तुगालची राजकन्या कॅथराईन हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास देण्याचें ठरलें. आंदण दिलेल्या गाईस तिचें मत कोणी पुसत नाहीं. परंतु या आंदणावर माणसें राहात होतीं. त्यांच्या मनांत काय होतें, तें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

लोकमत मोजण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. तें करारांच्या कलमांतूनच वाचावें लागतें. १६६२ त आलेल्या इंग्रजांस पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द काश्त्रु यानें ताबा दिला नाहीं. अखेर जानेवारी १६६५ मध्यें हंफ्रे कुक याच्याशीं करार होऊन १८ फेब्रुवारीस बेट इंग्रजांच्या स्वाधीन झालें. रहिवाशांचा कॅथलिक धर्म अबाधित राहावा, त्यांच्या मिळकती हिरावल्या जाऊं नयेत, अशा अटी करारांत होत्या. जमीनदारांस कशाची धास्ती होती, तें यावरून उघड होतें.

परंतु त्याच करारांत आणखी एक कलम होतें: पोर्तुगीज मुलखांतील कुणबी, भंडारी आदि लोक मुंबईस गेल्यास इंग्रजांनीं त्यांस धन्यांच्या हवालीं करावें! म्हणजे ज्याची वाडी, त्यास राहण्याचा हक्क. ज्याच्या श्रमानें वाडी पिके, त्यास जाण्याचीहि मोकळीक नाहीं.

चार्ल्सनें हा करार अमान्य केला व १६६८ त बेट ईस्ट इंडिया कंपनीस दिलें. १६७४ त गव्हर्नर ऑंजियर यानें दरसाल २०,००० झेराफिन घेऊन जमीनदारांचे हक्क कायम केले. मिळकतवाल्यांचें मत अशा रीतीनें ऐकिलें गेलें. इतरांचें काय? त्याच सुमारास तेथें असलेला डॉ. फ्रायर लिहितो कीं, वस्ती ६०,००० झाली असून ती पोर्तुगीजांच्या वेळेपेक्षां ५०,००० नें अधिक आहे. आणि त्यांत बहुतेक पळून आलेले व भटके, असेंहि तो तुच्छतेनें म्हणतो. आम्हांस तो शेरा मोलाचा वाटतो. ज्यांस कोणी विचारलें नाहीं, त्यांनीं होडींत बसून आपलें उत्तर दिलें.

आज भिवंडीच्या यंत्रमागांवर परप्रांतांतून आलेले हात राबतात. राहण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न निघाला म्हणजे प्रथम मिळकतीचे कागद पाहिले जातात. त्या वेळीं ज्यांजवळ कागद नाहीं, त्यांसहि विचारावें, एवढेंच हा जुना करार आम्हांस शिकवितो.