एकट्या साक्षीदाराचे मोल : 'कॉन्टॅक्ट' चित्रपट आणि पुराव्याचा प्रश्न

जी घटना एकाच व्यक्तीने पाहिली आणि जिचा दुसरा कोणताही पुरावा हाती उरला नाही, तिच्याविषयी इतिहासाने काय म्हणावे, हा साधनचिकित्सेतील जुना प्रश्न आहे. त्याची चर्चा सामान्यतः बखरी, प्रवासवृत्ते आणि न्यायालयीन जबान्या यांच्या संदर्भात होते. परंतु ११ जुलै १९९७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'कॉन्टॅक्ट' या चित्रपटाने तोच प्रश्न परग्रहवासीयांशी झालेल्या संपर्काच्या कथेतून उभा केला. रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेला आहे. ही कृती ज्या परिस्थितीतून घडत गेली तिच्याकडे लक्ष दिल्यावाचून तीतील पुराव्याच्या प्रश्नाचा नीट उलगडा होत नाही.

परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संदेश रेडिओ लहरींच्या साहाय्याने टिपता येतील, हा विचार ज्युसेपे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकातील निबंधात प्रथम शास्त्रीय स्वरूपात मांडला. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी पश्चिम व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथील दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे रोखून प्रत्यक्ष शोधास आरंभ केला. १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल यांना नियमित स्पंदने ऐकू आली, तेव्हा ती परक्या जीवांची असावीत, अशी शंका काही काळ घेतली गेली. ती स्पंदने एका नव्या प्रकारच्या ताऱ्याची ठरली. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायो येथील दुर्बिणीने ७२ सेकंद टिकलेला एक प्रबळ संकेत नोंदविला, पण तो पुन्हा कधीच मिळाला नाही. या शोधाच्या इतिहासात निःसंदिग्ध संदेश एकही नाही. असलेच तर एकदाच झालेले, पुनरावृत्तीने न पडताळलेले निरीक्षण आहे.

ही निष्फळता राजकारणाच्या दृष्टीने अडचणीची होती. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७८ मध्ये या संशोधनाची गणना सरकारी उधळपट्टीच्या नमुन्यांत केली आणि १९८१ मध्ये त्याचा निधी तोडविला. सेगन यांनी त्यांची स्वतः भेट घेऊन त्यांचे मन वळविले, तेव्हा कार्य पुन्हा सुरू झाले. १२ ऑक्टोबर १९९२ रोजी, कोलंबसाच्या सफरीस पाचशे वर्षे पूर्ण होत असताना, 'नासा'ने मोठ्या प्रमाणावर शोध आरंभिला. परंतु एका वर्षाच्या आत, १९९३ मध्ये, सिनेटर रिचर्ड ब्रायन यांच्या सूचनेवरून तोही बंद करण्यात आला. त्यानंतर हे काम खासगी देणग्यांवर तगले. 'अद्याप काही सापडले नाही' या एकाच वाक्याचे दोन अर्थ या वादात समोरासमोर आले. विरोधकांच्या लेखी ते वाक्य म्हणजे नसण्याचा पुरावा होता, तर शोधकांच्या लेखी ते केवळ शोधाच्या अपुरेपणाचे निवेदन होते.

'कॉन्टॅक्ट'ची कल्पना याच वादाच्या सावलीत वाढली. सेगन आणि अ‍ॅन ड्रुयन यांनी ती प्रथम चित्रपटाकरिताच रचली होती. तो प्रकल्प रखडल्यामुळे तिला आधी कादंबरीचे रूप मिळाले. चित्रपटाचे काम अखेर मार्गी लागले, तेव्हा सेगन दुर्धर आजाराने ग्रासलेले होते. २० डिसेंबर १९९६ रोजी, चित्रीकरण चालू असतानाच, त्यांचे निधन झाले. चित्रपट त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे. चित्रपटातील नायिका एली अ‍ॅरोवे (जोडी फॉस्टर) हिचा सरकारी निधी तुटतो, दुर्बिणीच्या वेळेसाठी तिला धनिकाच्या दारी जावे लागते, आणि न्यू मेक्सिकोतील २७ तबकड्यांच्या दुर्बीणसमूहातून अभिजित ताऱ्याकडचा संदेश अगदी शेवटच्या टप्प्यावर तिच्या कानी पडतो. यांतील संदेशाचा भाग वगळता बाकीची हकीकत त्या काळच्या शास्त्रज्ञांना परिचित अशीच होती.

कादंबरी आणि चित्रपट यांतील मुख्य भेद मात्र शेवटाकडे आहे. कादंबरीत यंत्रातून पाच जण प्रवास करतात. त्यांत एक रशियन, एक चिनी, एक नायजेरियन आणि देवी सुखवती ही भारतीय शास्त्रज्ञ आहे. पृथ्वीवर परतल्यावर पाचांपैकी कोणाजवळही बाह्य पुरावा नसला, तरी पाच साक्षी परस्परांशी जुळतात. शिवाय, वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या अंकांत खोलवर दडलेली एक रचना अखेरीस सापडते, आणि गणित स्वतःच साक्षीला उभे राहते. चित्रपटाने चार साक्षीदार गाळले आणि गणिताचा आधारही काढून घेतला. उरली ती एकटी एली. पाहणाऱ्या असंख्य डोळ्यांना तिचे यान क्षणार्धात सरळ खाली पडलेले दिसते. तिच्या सांगण्याप्रमाणे मात्र ती अठरा तास दूर होती.

या बदलामुळे कथेचा भावनिक गाभा अधिक ठसठशीत झाला, पण साक्षीची बाजू तितकीच दुबळी झाली. एलीचे वडील ती लहान असतानाच वारले. औषध आणावयास ती धावली होती, पण वेळ हाताबाहेर गेली होती. त्या दिवशी रेडिओवरून वडिलांना हाक मारणारी मुलगीच पुढे ताऱ्यांची चाहूल घेणारी शास्त्रज्ञ होते. दूरच्या जगात परका जीव तिला भेटतो तोही वडिलांच्याच रूपात. आता, साक्षीदाराला जे पाहण्याची जन्मभर आस होती नेमके तेच त्याने पाहिले असे तो सांगू लागला, तर साधनचिकित्सेचा पहिला नियम सावधगिरीचा इशारा देतो. चौकशी समितीही तेच करते. हे सर्व दुःखाने व्याकूळ झालेल्या मनाचा भास असावा, किंवा मूळ संदेशच त्या धनिकाने रचलेला बनावट दस्तऐवज असावा, असे तिचे म्हणणे असते. इतिहासकाराच्या दृष्टीने हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत.

या आक्षेपांना एली जे उत्तर देते त्यात या चित्रपटाचे वैचारिक महत्त्व साठवलेले आहे. आपण सिद्ध काहीच करू शकत नाही, आणि शास्त्रज्ञ या नात्याने आपला अनुभव भास असण्याची शक्यता आपल्याला नाकारता येत नाही, हे ती कबूल करते. तथापि, साक्ष मागे घेण्यास ती नकार देते. अलौकिक दाव्यासाठी तितकाच भक्कम पुरावा हवा, हे सेगन यांनी आयुष्यभर शिकविले. एलीने त्या शिकवणीचा भंग केला असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. इतरांनी विश्वास ठेवलाच पाहिजे असा आग्रह ती धरीत नाही. स्वतःला जे घडले असे वाटते ते न घडल्याचे खोटे सांगणार नाही, एवढीच तिची प्रतिज्ञा आहे. अनुभव आणि सिद्धता यांतील अंतर न लपविणारा साक्षीदार कोणत्याही इतिहासात दुर्मीळच असतो.

चित्रपट येथेच थांबत नाही. एलीजवळच्या यंत्राने केवळ खरखर नोंदविली होती, हे समिती जाहीर करते. परंतु ती खरखर सुमारे अठरा तासांची होती, ही गोष्ट दोन अधिकाऱ्यांच्या संभाषणात उघड होते आणि गोपनीय अहवालातच राहते. म्हणजे पुराव्याचा अभाव नव्हता. पुरावा दडविलेला होता. चौकशीत एलीच्या मनाची चिकित्सा झाली, पण दप्तराची झाली नाही. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचा निवाडा करण्यापूर्वी कागद कोणाच्या ताब्यात आहेत हे पाहावे, हा धडा अभ्यासकांना नवा नाही. येथे तो कल्पित कथेतून मिळतो, एवढेच.

याच संदर्भात चित्रपटाची स्वतःची एक कृती तपासण्याजोगी आहे. ७ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मंगळावरून आलेल्या अशनीत जीवसृष्टीच्या खुणा असल्याच्या दाव्याविषयी निवेदन केले होते. त्याचे चित्रण झेमेकिस यांनी कल्पित संदेशाच्या प्रसंगी वापरले. शब्द अस्सल, मुद्रा अस्सल, संदर्भ तेवढा बदललेला. व्हाइट हाउसने याबद्दल नापसंती कळविली. पुराव्याचे पावित्र्य सांगणाऱ्या चित्रपटाने अस्सल साधनाचा अर्थ किती सहज पालटता येतो हेही नकळत दाखवून दिले.

चित्रपटाच्या आरंभीच्या भागात पोर्तो रिकोतील अरेसिबो येथील ३०५ मीटर व्यासाची दुर्बीण दिसते. १ डिसेंबर २०२० रोजी तिचा अधांतरी लटकणारा मंच तबकडीवर कोसळला आणि ती नष्ट झाली. आज अरेसिबोच्या उभ्या रूपाची साक्ष देणाऱ्या साधनांत या कल्पित कथेचाही समावेश करावा लागतो. एलीची कथा घडली नाही हे सर्वांस ठाऊक आहे, पण ती जेथे उभी राहून ऐकत होती ते स्थळ खरे होते.